दोन नोकऱ्यांमधला उन्हाळा

जानेवारीत राजीनामा दिला, की आयटीतला नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड एप्रिलमध्ये संपतो. नव्या ठिकाणी जूनमध्ये रुजू व्हायचे असेल, तर मधे दीड-दोन महिने मोकळे सापडतात. मग एखादा सर्टिफिकेट कोर्स, मनालीची सहल, राहिलेल्या वेबसीरिज असे बेत ठरतात. यांतले काहीच वाईट नाही. पण हे सारे नोकरी सांभाळूनही होते. नोकरीत सुट्टी मिळते ती तुकड्यातुकड्यांनी. सलग वेळ मिळत नाही. म्हणून हा उन्हाळा, ज्याला सलग वेळच लागतो अशा कामाला द्यावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे उन्हाळा हा मुळातच दोन कामांमधला काळ. रब्बी घरात आलेली, खरीप अजून लांब. नांगरट, बांधबंदिस्ती, घर शाकारणे, वाळवणे, लग्ने, जत्रा हे सगळे याच फटीत बसवलेले. रानात पीक नसे, तरी या दिवसांना कोणी वाया गेलेले म्हणत नसे. पुढच्या वर्षाची अर्धी तयारी त्यांतच होई.

कुरडईचेच बघा. गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलावे लागते. मग ते वाटून, पिळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचे पाणी ओतून तो शिजवायचा, गुठळी होऊ न देता हाटायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून घालायचा. पुढे दोन-तीन दिवस कडक ऊन. एका रविवारात हे बसत नाही. आईच्या किंवा आजीच्या हाताखाली आठवडाभर राहिले, तरच चीक शिजल्याची खूण कळते. त्या आठवड्यात घरातल्या किती गोष्टी कानावर पडतात, ते वेगळेच.

असाच सलग वेळ कासवांच्या राखणीलाही लागतो. कोकणच्या किनाऱ्यावर वेळास, आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात. मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते. कासवमित्र ती कुंपणात हलवून मूळ घरट्याएवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात. पिल्ले बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. वाळू किती तापते, यावर नर-मादी ठरते. शनिवारी येणाऱ्या पाहुण्याला पिल्ले दिसतील किंवा दिसणार नाहीत. मुक्काम करणाऱ्याला वाट पाहण्याचे कामही कळते.

पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा 2016 साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. पुढे तिचे दिवस ठरून गेले : 8 एप्रिल ते 22 मे. रान मोकळे, माणसे मोकळी आणि पाऊस यायच्या आत चर खोदून व्हायला हवेत, म्हणून नेमका हा काळ. स्पर्धा नसली तरी गावोगावची जलसंधारणाची कामे याच दिवसांत निघतात. शहरातून एका सकाळच्या श्रमदानाला जाणाऱ्याचा फोटो होतो. महिनाभर राहणाऱ्याला उतार कसा वाचायचा आणि चर समपातळीत का हवा, हे समजते.

हा मोकळा उन्हाळा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे विसरता कामा नये. मराठवाड्यात सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि बहुधा त्याच दिवशी नवे ठरते. उचल घेतलेली असेल, तर मधे श्वास घ्यायलाही जागा नसते. नोकरी अचानक गेलेल्याचा उन्हाळाही काळजीतच जातो. ज्यांना निवड आहे, त्यांनी आधी घरखर्चाची आणि हप्त्यांची तजवीज करावी. कंपनीचा आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, तेव्हा स्वतःची पॉलिसी आधीच घ्यावी.

आणि नव्या कंपनीने ‘लवकरात लवकर जॉइन व्हा’ म्हटले, तर ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वीच जूनची तारीख मागावी. पगारासाठी आपण घासाघीस करतो, तशी ती या दिवसांसाठीही करावी. पगार पुढे वाढेल. इतका सलग वेळ पुन्हा कधी मिळेल, याची हमी कुठलेही ऑफर लेटर देत नाही.