गळ्यात माळ, गालात बार

वारकरी मंडळींपुढे एक प्रश्न ठेवावयाचा आहे. माळ घातली, मद्यमांस सुटले, एकादशी धरली. पण कनवटीची तंबाखूची चंची काही सुटली नाही. अशा माणसाचा नेम पुरा म्हणावा की अपुरा?

पुष्कळ जण म्हणतात, "बुवा, तंबाखूला शास्त्रात कुठं मनाई आहे?" खरे आहे. राजाने टाळावयाची म्हणून मनूने कामापासून उपजणारी दहा आणि क्रोधापासून उपजणारी आठ, अशी अठरा व्यसने सांगितली. त्यांत तंबाखूचे नाव नाही. असणार कसे? हे पान पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आले. पण 'व्यसन' या शब्दाची फोड करून पाहा. 'वि' उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे. जे माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकते, ते व्यसन. यादीत नाव नसले म्हणून काय झाले? लक्षण तर जुळते!

तरी निंदा करण्याआधी थोडे थांबावे. पहिली चिमूट माणूस आपल्या खुशीने घेतो; हजारावी त्याच्याकडून घेवविली जाते. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. चुन्याने ते मोकळे होते, गालाच्या आतून रक्तात उतरते आणि मेंदूत जाते. एकदा सवय जडली की ते न मिळाल्यास जीव चिडचिडतो, झोप उडते, चित्त ठरत नाही. याला पाप म्हणण्यापेक्षा बंधन म्हणावे. पण पहिली चिमूट देणारा जो हात, त्याचा हिशोब कोणी द्यावयाचा?

तो आम्हांसच द्यावयाचा आहे. आम्ही वीस वर्षे तंबाखूचा बार भरल्यावाचून कीर्तनाला उभे राहत नव्हतो. आमच्या मागे एक पोरसवदा टाळकरी असे. गळा असा की ऐकत राहावे. एका जागराच्या रात्री, "घे रे, झोप यायची नाही," म्हणून आम्हीच चंची पुढे केली. पुढे तो गुटख्यावर गेला. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्याला बंदी झाली, तरी त्याला पुडी मिळतच राहिली. त्यातल्या सुपारीने गाल आतून ताठरतात, तोंड आखडत जाते आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. आज त्याच्या तोंडात दोन बोटेही शिरत नाहीत. टाळ वाजवितो, पण अभंग उचलायला तोंड उघडत नाही. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही. लावता तर बरे झाले असते.

त्याचे तोंड पाहून आमची चंची सुटली. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. कीर्तनात पाठ असलेले प्रमाण आठवेना. महिन्याभरात ओढ ओसरली. तेही एकट्याने जमले नाही. दिंडीतल्या सर्वांना सांगून ठेवले होते, "आम्ही हात पसरला तरी देऊ नका." व्यसन संगतीने लागते, तसे संगतीनेच सुटते.

आता प्रश्नाचे उत्तर. आपल्यापुरते पाहिले तर तो नेम अपुरा. आणि आपल्या हाताने दुसऱ्याच्या मुखातले नाम अडले, तर तो मोडलाच. येत्या वारीत ज्याला चंची घरी ठेवता येईल त्याने ठेवावी. ज्याला ते साधत नाही, त्याने निदान ती शेजारच्या पोरापुढे धरू नये.

रामकृष्ण हरि.