कुंभाराचं गाढव आणि गोठलेला गेम

उपाय लागू पडला म्हणजे कारण कळलं, असं आपण फार पटकन धरून चालतो. माझी सगळी नोकरी न्यायशास्त्र शिकवण्यात गेली आणि वर्गात मी या समजुतीशी सतत भांडत आले. गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या लॅपटॉपमुळे तोच वाद घरात आला.

त्याचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मधेच गोठायचा. चित्र थिजायचं, आवाज एकाच जागी घरघरत राहायचा, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागायचं. एका संध्याकाळी त्यानं नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला, फ्रेम रेट ६० वर बांधला आणि लॅपटॉप गादीवरून टेबलावर नेला. गेम सुरळीत चालला. "मावशी, ड्रायव्हरच होता!"

"मग जुना ड्रायव्हर परत टाक," मी म्हटलं. त्याला ते मुळीच पटेना. चालतंय ते कशाला मोडायचं?

नैयायिकांची कसोटी मात्र दुहेरी आहे. कारण असताना कार्य होतं हा अन्वय, कारण नसताना होत नाही हा व्यतिरेक. भाषापरिच्छेद या न्यायाच्या ग्रंथात, घडा होण्याआधी हजर असूनही जे घड्याचं कारण नव्हे, अशाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यात चाक फिरवणाऱ्या दांड्याचा रंग आहे, कुंभाराचा बाप आहे आणि गाढवही आहे. हजर सगळेच असतात. त्यांतलं कोण वगळलं तरी घडा होतोच, हे पाहावं लागतं.

अखेर एका दुपारी त्यानं जुना ड्रायव्हर टाकला. टेबलावर गेम चालूच राहिला. फ्रेम रेटची मर्यादा काढली, तरी चालला. लॅपटॉप गादीवर ठेवला आणि थोड्या वेळानं गोठला. पण गादीवर चार्जरची वायर पोचत नसे, आणि बॅटरीवर बरेच लॅपटॉप ग्राफिक्स चिपची ताकद आवरती घेतात. मग दोष गादीचा की बॅटरीचा? विस्तव असला की धूर असतोच असं नाही, लाकूड ओलं असावं लागतं. अशी लपलेली अट, म्हणजे उपाधी, इथेही असू शकत होती. टेबलावर चार्जर काढून पाहिला: गेम संथ झाला, गोठला नाही. एक्स्टेंशन बोर्ड ओढून गादीवर चार्जर लावला: पंखा ओरडू लागला, गेम गोठला. शेवटी गादीवरच, पण खालच्या जाळ्या मोकळ्या राहतील असा दोन जाड पुस्तकांवर टेकवला. चालला. हवा कोंडून लॅपटॉप तापत होता.

त्या दुपारी मला खेळाचं मोल कळलं. इथे बिघाड परत आणता येतो आणि त्यात कुणाचं काही जात नाही.

आयुष्यात तसं होत नाही. हाच मुलगा लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा डॉक्टरांचं औषध चालू होतं आणि ताईनं जेजुरीच्या खंडोबाला नवसही बोलला होता. ताप उतरला. औषध थांबवून किंवा नवस मागे घेऊन कोण बघणार? बघूही नये. म्हणून नवसाला मी कारण म्हणत नाही, आणि गाढवही म्हणत नाही.

शिवाय न्यायमतात ईश्वर हे सर्व कार्यांचं साधारण कारण आहे. जो कुठल्याच घटनेतून वगळता येत नाही, त्याला व्यतिरेक कसा लावणार? पण मग ताप उतरण्यात तो जितका, तितकाच ताप चढण्यातही. उतरलेल्या तापाचे आभार मानायचे आणि चढलेल्याबद्दल गप्प राहायचं, हे मला तर्काला आणि भक्तीलाही धरून वाटत नाही.

ताईला हे सांगितलं तेव्हा ती चिडली नाही. म्हणाली, "चढला तेव्हा त्याच्याशीच भांडले होते ना मी. तू नव्हतीस तिथे."