प्रपंचाचा जमाखर्च : गृहस्थाश्रमी भाविकाचा एक नेम

मनुष्यास काय प्रिय आहे, हे त्याच्या बोलण्यावरून नेहमी कळतेच असे नाही. ते त्याच्या खर्चावरून मात्र हमखास कळते. मुलांचे शिक्षण, आई-वडिलांचे औषधपाणी, देवधर्म या गोष्टी आपणांस सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, असे बहुतेक गृहस्थ मनापासून सांगतात. तरीही महिनाअखेरीस याच गोष्टींसाठी हात आखडतो आणि पैसा कोठे गेला ते कोणासही सांगता येत नाही. यामागे दुष्टपणा नसतो. असते ते केवळ अनवधान. अनवधान हा मोठा दोष आहे आणि त्यावर उपायही साधा आहे.

संत एकनाथ महाराज बालवयात देवगिरीच्या किल्ल्यावर सद्गुरू जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामी त्या किल्ल्याचे अधिकारी होते आणि हिशेबाचे काम त्यांनी नाथांकडे सोपविले होते. एकदा ताळमेळ लावताना एका पैची चूक राहिली. नाथ दिव्यापाशी बसून रात्रभर ती शोधीत राहिले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविते झाले. एका पैची चूक सापडल्याचा आनंद एवढा, तर जन्माची चूक सापडल्यावर तो केवढा असेल, अशा आशयाचा बोध स्वामींनी त्या वेळी केला, असे परंपरा सांगते. या कथेतील एक गोष्ट सहसा सुटून जाते. स्वामींनी नाथांना हिशेब सोडावयास सांगितले नाही. हिशेबात रमलेले तेच अवधान त्यांनी परमार्थाकडे वळविले. ज्याचे चित्त पैवर स्थिर होऊ शकते, त्याचेच चित्त पुढे नामावरही स्थिर होते.

धन कसे वाटावे, याचे मार्गदर्शन श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात, एकोणिसाव्या अध्यायात आले आहे. वामनरूपी भगवंतांनी बळीराजाकडे त्रिपाद भूमी मागितली, तेव्हा शुक्राचार्यांनी राजास सांगितले की, जो आपल्या वित्ताचे धर्म, यश, अर्थ, काम आणि स्वजन असे पाच विभाग करतो, तो इहलोकी व परलोकी सुखी होतो. धर्म म्हणजे दान व पुण्यकर्म. यश म्हणजे समाजात सत्कीर्ती देणारे कार्य. अर्थ म्हणजे पुढील उत्पन्नासाठी राखलेले भांडवल. काम म्हणजे स्वतःचा उपभोग. आणि स्वजन म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेली माणसे. हे विभाग समान असावेत, असे तेथे म्हटलेले नाही. ते विचारपूर्वक केलेले असावेत, हे महत्त्वाचे.

बळीराजाने गुरूंचा सल्ला बाजूस ठेवून सर्वस्व अर्पण केले आणि तो भगवत्कृपेस पात्र झाला, हेही खरे. परंतु बळीपुढे साक्षात भगवंत याचक म्हणून उभे होते; सामान्य गृहस्थापुढे बहुधा सावकार उभा असतो. म्हणून कर्ज काढून नवस फेडणे, ऋण करून लग्नात थाट मिरविणे किंवा उसनवारीवर यात्रा करणे यास भक्ती म्हणता येत नाही. देव भावाचा भुकेला आहे. घरातील म्हाताऱ्या आईचे औषध थांबवून आणलेला नारळ त्यास गोड लागेल काय?

हिशेबाची रीत अशी. सायंकाळी देवापाशी दिवा लावल्यावर घरातील जाणत्याने त्या दिवसाचा प्रत्येक खर्च वहीत लिहावा. रक्कम लहान म्हणून वगळू नये. हल्ली मोबाईलवरून पैसे दिले जातात, त्यामुळे नोंद यंत्रात राहते पण मनात राहत नाही. तो खर्चही स्वहस्ते उतरवावा. महिनाअखेर प्रत्येक खर्चापुढे वरील पाचांपैकी कोणता विभाग, ते लिहावे आणि बेरीज करावी. समजा, एखाद्या गृहस्थाचे चहा-तंबाखूस रोज 40 रुपये जातात. ही रक्कम डोळ्यांत भरत नाही. पण वर्षाचे त्याचे 14,600 रुपये होतात. मुलीच्या शाळेची फी भरण्यास पैसे नाहीत, असे म्हणणाऱ्या त्याच गृहस्थास वहीच उत्तर देते. कोणी उपदेश करावा लागत नाही.

वहीचा हेतू कृपणता वाढविणे हा नव्हे. कित्येकदा वही उलटही सांगते, की धर्माच्या रकान्यात वर्षभरात काहीच पडलेले नाही. तसेच चूक दिसल्यावर घरातील कोणास दोष देऊ नये. पती-पत्नींनी एकत्र बसून पुढील महिन्याचा संकल्प करावा आणि पुढील महिन्याची बेरीज त्या संकल्पाशी ताडून पाहावी.

ही शिस्त आपल्या परंपरेस नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याचे हिशेबाचे वर्ष आषाढात संपते आणि अधिकाऱ्यांनी त्या वेळी हिशेब सादर करावयाचे असतात. व्यापारी बांधव दिवाळीत वहीपूजन करतात आणि पाडव्यास, म्हणजे त्याच बळीराजाच्या प्रतिपदेस, नवी वही सुरू करतात. देवस्थानांनाही 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार हिशेब ठेवून त्याची तपासणी करून घ्यावी लागते. देवापुढे आलेल्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो, तर देवाने घरी दिलेल्या पैशाचा हिशेब नको काय?

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत भाविक काही ना काही नेम धरतात. कोणी एकभुक्त राहतो, कोणी एखादा पदार्थ वर्ज्य करतो. येत्या चातुर्मासात त्याजबरोबर रोज वही लिहिण्याचा नेम धरावा. चार महिन्यांनी ती वही देवापुढे ठेवताना तीत जे लिहिलेले असेल, ते आपल्या संकल्पाशी जुळावे आणि प्रपंच नेटका होऊन त्यातच परमार्थ साधावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥