जाहीर करावी लागणारी बरोबरी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या २०२४च्या नियमपुस्तिकेने ‘रेस’ हा शब्द टाकून ‘स्पीशीज’ घेतला आणि जुना वाद पुन्हा तापला. एक बाजू चित्रं मोजते: किती बायका, किती सावळे चेहरे. दुसरी म्हणते, हे राजकारण नवं आहे, पूर्वी कल्पनाशक्ती मोकळी होती. पुरावा म्हणून ती टेकुमेल या जुन्या खेळातल्या कल्पित जगाकडे बोट दाखवते. दोघींची गफलत एकच. प्रतिनिधित्व म्हणजे चित्रात कोण दिसतं एवढंच, असं दोघीही धरून चालतात. खेळात ते नियमात असतं. कादंबरीतलं मत पटलं नाही तर वाचक पान उलटतो. खेळाडूला मात्र नियमाबरहुकूम फासे टाकावे लागतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच १९७८च्या नियमांत मानवी पुरुष योद्ध्याची ताकद १८/१०० पर्यंत जाई, स्त्रीची १८/५०वर अडे. १९८०मध्ये आपल्या इंद्र-अग्नींनाही आकडे चिकटवून राक्षसांसारखं लढाईत उतरवलं गेलं. यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

टेकुमेल मात्र सावकाश पाहायला हवं. त्यावर बेतलेला एम. ए. आर. बार्कर यांचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ १९७५ला आला. दूरच्या भविष्यात माणसांनी वसवलेला टेकुमेल हा ग्रह विश्वापासून तुटतो, आकाशातले तारे नाहीसे होतात, यंत्रविद्या विसरली जाते; उरतात कुळं, देवळं आणि जादू. युरोपी मध्ययुगाऐवजी इथे दक्षिण आशिया, इजिप्त, मेसोअमेरिका यांच्या छटा आहेत. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात उर्दू शिकवत. अभ्यास पक्का होता. या जगातल्या त्सोल्यानू साम्राज्यात स्त्री स्वतःला ‘अरिदानी’ जाहीर करू शकते. केलं, की कायद्यापुढे पुरुषाइतके हक्क आणि तितकीच जबाबदारी. हे काळाच्या पुढचं पाऊल मानलं जातं, आणि १८/५०च्या शेजारी ते पुढचंच दिसतं. पण पुरुषाला काहीच जाहीर करावं लागत नाही. जी बोलली नाही ती कुळाच्या आश्रयाला. म्हणजे बरोबरी जन्मासोबत येत नाही. ती मागितल्यावर मिळते, आणि एकेकीलाच मिळते. शिवाय साहसाला निघालेली नायिका बहुधा अरिदानीच असते. त्यामुळे न मागणारी बाई डावात येतच नाही, आणि तिला बांधणारा नियम कुणाला खुपत नाही.

अभ्यास पुरेसा असतो, हा समजही टिकला नाही. १९९१ची ‘सर्पंट्स वॉक’ ही नवनाझी कादंबरी बार्कर यांनीच टोपणनावाने लिहिली होती, हे टेकुमेल फाउंडेशनने २०२२मध्ये मान्य केलं. एखाद्या संस्कृतीच्या भाषेवरचं प्रेम आणि दुसऱ्या समाजाचा द्वेष एकाच माणसात नांदू शकतात. मग त्या संस्कृतीत जन्मलेल्यानेच लिहायचं का? हा आक्षेप रास्त आहे, आणि दलित साहित्याच्या निमित्ताने मराठीत तो चांगला घासला गेला आहे. सहानुभूतीने लिहिण्यावर तेव्हाही बंदी नव्हती. प्रश्न होता की स्वतःविषयी बोलण्याचा अधिकार कुणाच्या हाती आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२२च्याच ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या साहससंग्रहात मिमी मंडल या दलित बंगाली लेखिकेने बंगालच्या छायेतलं साहस रचलं. तिथे परक्याच्या नजरेची मध्यस्थी नव्हती. पण त्याच वर्षी त्याच खेळाच्या प्रकाशक कंपनीला ‘स्पेलजॅमर’ या दुसऱ्या पुस्तकातल्या हाडोझींबद्दल माफी मागावी लागली: माकडासारख्या जमातीला जादूगाराने गुलामीसाठी घडवलं, असा त्यांचा इतिहास छापला गेला होता. एका पुस्तकात हक्काची जागा दिली म्हणून शेजारच्या पुस्तकातलं गृहीतक बदलत नाही.

म्हणून नव्या जगाचं मुखपृष्ठ पाहून मी निकाल देणार नाही. पात्राच्या कोऱ्या कागदावर फक्त ‘स्त्री’ एवढंच लिहावं, काही जाहीर करू नये, काही मागू नये, आणि मग नियम तिला काय देतात ते पाहावं. त्या जगाने तिला किती जागा दिली आहे, ते तिथे कळतं.