तिघांचा बोलपट

गिरगावातल्या एका चाळीत तीन मित्र राहत होते. एक पेटी वाजवायचा, दुसरा तबला वाजवायचा आणि तिसरा छापखान्यात जुळारी होता, दिवसभर अक्षरांचे खिळे जुळवायचा. पेटीवाला जन्मापासून आंधळा होता. जुळाऱ्याचे कान ऐन तारुण्यात तापात गेले होते. तबलजीला दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं, म्हणून एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. तो जवळ नसला की जुळारी बोलायचा आणि पेटीवाला त्याचा हात दाबून उत्तर द्यायचा. एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही.

ते दिवस मूकपटांचे होते. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची आणि पडद्याखाली बसलेले वादक त्यांना साथ करायचे. पेटीवाला आणि तबलजी एका थिएटरात रोज रात्री अशी साथ करत. पडद्यावर घोडे दौडू लागले की तबलजी पेटीवाल्याच्या गुडघ्यावर बोटांनी भरभर ठेका देई. कुणी रडू लागलं की एकच बोट हळूच टेकवी. ताटातूट झालेली माणसं भेटली की सबंध तळवा ठेवी. त्या खुणेसरशी पेटीचे सूर बदलत.

जुळारी कामावरून सुटला की थेट तिथे यायचा आणि पेटीवाल्याच्या पाठीमागच्या बाकावर बसायचा. मूकपटात मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत. त्या तो मित्राला वाचून दाखवी. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्यानं वाची. पिटातल्या पुष्कळ माणसांना अक्षरओळख नव्हती. तीही कान देऊन बसत. एखाद्या रात्री तो आला नाही, तर लोक विचारत, "आज वाचणारे काका कुठे गेले?" तबलजी हे त्याला दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहून दाखवी आणि जुळारी दिवसभर खुशीत असे.

मग १९३१ साल उजाडलं. इंपीरियल कंपनीच्या अर्देशिर इराणींनी बोलणारा चित्रपट तयार केला आहे, अशी बातमी गिरगावभर झाली. त्याचं नाव होतं 'आलम आरा'. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, त्यांचा खडखडाट नको म्हणून रात्री चित्रण करत. नटांच्या आसपास मायक्रोफोन लपवून ठेवत. लोक या गोष्टी एकमेकांना रंगवून सांगत होते. तबलजी मात्र ऐकून गप्प झाला.

"पडदाच गायला लागला, तर आपल्याला कोण विचारणार?" तो पेटीवाल्याला म्हणाला.

पेटीवाल्याकडे उत्तर नव्हतं.

त्या बोलपटाची हस्तपत्रकं जुळाऱ्याच्या छापखान्यात छापायला आली. ती त्यानंच जुळवली. काम वेळेत झालं म्हणून मालकानं त्याला पहिल्या रात्रीची तीन तिकिटं दिली. ती घेऊन तो धावत चाळीत आला.

तबलजीनं पाटीवर लिहिलं, "तुला काय ऐकू येणार?"

"मला त्यातल्या मास्टर विठ्ठलची तलवार बघायची आहे," जुळारी म्हणाला. "आणि याला ऐकू दे. आजवर मी वाचलं तेवढंच याला मिळालं."

१४ मार्चला शनिवार होता. मॅजेस्टिक सिनेमासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं जात होतं. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. जुळाऱ्यानं एका हातानं पेटीवाल्याला धरलं, दुसऱ्या हातानं तबलजीला धरलं आणि वाट काढत दोघांना आत नेलं.

दिवे मालवले. पडदा बोलू लागला.

पेटीवाला ताठ बसला. राजा बोलला ते त्याला कळलं. राणी बोलली ते कळलं. पावलं वाजली, दार वाजलं, सारं कळलं. एक फकीर गाऊ लागला आणि त्याच्यामागे पेटी व तबल्याची साथ ऐकू आली, तेव्हा त्याची बोटं आपोआप मांडीवर चालू लागली. थिएटर हसलं, तेव्हा तोही हसला. आजवर तो नेहमी सगळ्यांच्या मागून हसत आला होता. कुणीतरी काय घडलं ते सांगायचं आणि मग त्याला हसू यायचं. त्या रात्री तो पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हसला. त्या आनंदात शेजारी कोण बसलं आहे, याचा त्याला विसर पडला.

शेजारी जुळारी डोळे ताणून बघत होता. माणसं बोलत होती, पण पाटी येत नव्हती. लोक कशाला हसले, कशाला हळहळले, त्याला कळेना. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. शेवटी त्याच्या त्या मोठ्या आवाजात त्यानं विचारलं, "काय म्हणाली ती?"

"ए, गप्प बस! ऐकू दे!" चारी बाजूंनी लोक ओरडले.

जुळाऱ्याला ते ऐकू आलं नाही. पण वळलेले चेहरे त्यानं पाहिले आणि तो खाली मान घालून बसला.

पेटीवाल्याला मात्र ते ऐकू गेलं. याच आवाजासाठी इतकी वर्षं लोक थांबत होते, हे त्याला आठवलं. त्यानं चाचपडत मित्राचा गुडघा शोधला. पडद्यावर कुणी दटावत होतं, त्यानं बोटं जोरात आपटली. कुणी रडू लागलं, त्यानं एकच बोट हळूच टेकवलं. पुढचं गाणं सुरू झालं, तेव्हा त्यानं त्याचा ठेका समेसकट गुडघ्यावर दिला. जुळाऱ्यानं मान वर केली. इतकी वर्षं मागे बसून पाहिलेल्या त्या खुणा त्याला पाठ होत्या. तो पुन्हा पडद्याकडे पाहू लागला.

खेळ सुटल्यावर पेटीवाला तबलजीला म्हणाला, "घरी नको. चौपाटीवर चल. याला गोष्ट सांगायची राहिली आहे."

रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड वाळूवर पडत होता, तिथे तिघं बसले. पेटीवाल्याची स्मरणशक्ती कानांची होती. पहिल्या वाक्यापासून त्यानं बोलपट सांगायला सुरुवात केली. तबलजीची शाळा चौथीतच सुटली होती, पण तो एकेक वाक्य बोटानं वाळूत लिहू लागला. जुळारी ते वाचू लागला, सवयीप्रमाणे मोठ्यानं. वाळू भरली की तबलजी हातानं ती सपाट करी आणि पुढचं लिही.

तिकीट न मिळालेली माणसं त्या रात्री चौपाटीवर रेंगाळत होती. आवाज ऐकून दोघं थांबले. मग दहा झाले. मग मोठं कोंडाळं जमलं. एक म्हातारा पुढे सरकत म्हणाला, "काका, जरा पहिल्यापासून वाचा ना."

तबलजीनं ते वाळूत लिहिलं. जुळाऱ्यानं वाचलं, हसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढे दोन-तीन वर्षांत त्यांच्या थिएटरातही बोलपट लागू लागले. पडद्याखालची जागा गेली. पेटीवाला आणि तबलजी भजनांना साथ करू लागले, शिकवण्या करू लागले. दिवस ओढगस्तीचे होते. पण नवा बोलपट लागला की तिघं जात आणि खेळ सुटल्यावर चौपाटीवर बसत.

आज 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही. जगात कुणालाच तो पाहता येत नाही की ऐकता येत नाही. वाळूभोवती जमलेल्या त्या माणसांप्रमाणे आपल्यालाही तो कुणीतरी सांगितला म्हणूनच माहीत आहे.

जगात नवं काही आलं की कुणाला तरी दार उघडतं आणि त्याच वेळी कुणासाठी तरी ते लागतं. दोन्ही खरं असतं. ज्याला दार उघडलं, त्यानं आनंद जरूर मानावा, तो त्याचा हक्क आहे. पण आजवर आपण बाहेर बसलो असताना आपल्याला आतलं कोण सांगत होतं, हे त्यानं विसरू नये. आता सांगायची पाळी त्याची असते.