निरोप्या कोणाचा?

२०२५च्या नरक चतुर्दशीला, २० ऑक्टोबरच्या दुपारी, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ॲमेझॉनची यंत्रणा बिघडली आणि इकडे सिग्नलवरचे निरोप अडकले. खासगी बोलण्यासाठी सर्वांत भरवशाचे म्हणून आपण ज्या ॲपचे नाव घेतो, ते भाड्याच्या यंत्रांवर चालते हे पुष्कळांना त्या दिवशी कळले. तेव्हापासून आमचे संगणकवाले मित्र एकच उपाय ठासून सांगतात: प्रत्येकाने स्वतःचा सर्व्हर उभारावा, त्यावर मॅट्रिक्स ही निरोपांची खुली यंत्रणा बसवावी आणि निर्धास्त व्हावे. 'लपवायचे काही नाही, त्याने कशाला घाबरावे' म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७मध्ये पुट्टस्वामी खटल्यात उत्तर दिले आहे; त्यात मी शाई घालवणार नाही. मला भांडायचे आहे ते या मित्रांशी, कारण ते माझ्याच बाजूचे आहेत.

त्यांनी मॉक्सी मार्लिनस्पाइक यांना नीट वाचलेले नाही. सिग्नलच्या या संस्थापकाने २०१६मध्ये एका छोट्या निबंधात मांडले की, ज्या व्यवस्थेचे हजार मालक असतात ती गोठते. ई-मेलचा मजकूर आजही सर्व्हरवाल्याला वाचता येतो, कारण तो बंद करायचा तर हजारो सर्व्हरांनी एकाच वेळी बदलायला हवे. उलट व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६पर्यंत १ अब्जाहून अधिक लोकांच्या गप्पांना कुलूप लावले आणि कुणाला काही शिकावे लागले नाही. स्वतःचा मेल सर्व्हर चालवूनही काय साधते, हा त्यांचा प्रश्न तर जिव्हारी लागतो: पलीकडचा माणूस जीमेलवर असेल तर पत्राची प्रत गूगलकडे गेलीच.

मी त्यात भर घालतो. मॅट्रिक्समध्ये मजकूर कुलूपबंद राहतो, पण कोण कोणत्या खोलीत आहे, कुणी कधी लिहिले, ही नोंद सर्व्हरवर उघडी असते आणि त्या खोलीतल्या इतरांच्या सर्व्हरांवरही तिची प्रत जाते. २०१६मध्ये अमेरिकन न्यायव्यवस्थेने सिग्नलकडे माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच तारखा होत्या: खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. चार जणांच्या घरगुती सर्व्हरला गर्दीचा आडोसाही नसतो. त्याच्याशी कोण जोडले गेले, एवढे पाहूनच मैत्री, संघटना, अशील, सगळे ओळखता येते.

आवाजाच्या बाबतीत गैरसमज आणखी खोल आहे. स्वतःच्या सर्व्हरवर बोलण्यासाठी मम्बल वापरणारे 'एन्क्रिप्टेड आहे' म्हणतात. खरे आहे, पण ते कुलूप फोनपासून सर्व्हरपर्यंतचे. सर्व्हरवर आवाज उघडतो आणि पुन्हा बंद होऊन पुढे जातो. जित्सी या व्हिडिओ कॉलच्या सेवेवर अनेक जण बोलत असले तर, वेगळी सोय मुद्दाम सुरू केल्याशिवाय, तिथेही तेच. म्हणजे सर्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याला ऐकता येते.

आणि २०१९. पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपच्या कॉलमधूनच फोनमध्ये शिरले. सुमारे १४०० फोनवर हा हल्ला झाला. त्यांत भीमा कोरेगाव प्रकरणातल्या आरोपींचे वकील होते. त्यांना ते कळले, कारण हल्ला पकडू शकणारे अभियंते एका मोठ्या कंपनीत बसले होते. घरातल्या कोपऱ्यातल्या सर्व्हरने त्यांना सावध केले नसते.

तरीही सगळे निरोप एकाच दारातून जाऊ द्यावेत, हे मला मान्य नाही. ते दार सरकारलाही दिसते. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या सेवांकडे निरोपाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची मागणी केली. एप्रिल २०२४मध्ये व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले की कुलूप तोडायला लावले तर आम्ही भारतातून जाऊ. कोट्यवधी लोकांची गुप्तता एका कंपनीच्या राहण्या-जाण्यावर टांगलेली आहे. मे २०२३मध्ये केंद्राने दहशतवादाचे कारण देत १४ ॲप्स बंद केली. त्यांत मॅट्रिक्सचे एलिमेंट होते. पण एलिमेंट ही नुसती खिडकी आहे. ज्यांचे सर्व्हर स्वतःचे होते, त्यांचे सर्व्हर चालूच राहिले.

फ्रान्सच्या सरकारने हे ओळखले. २०१९मध्ये त्यांनी मॅट्रिक्सवर 'चॅप' ही अधिकाऱ्यांची सेवा सुरू केली. सुरू होताच एका संशोधकाने नोंदणीतली त्रुटी शोधून आत प्रवेश मिळवला. त्रुटी दुरुस्त झाली, सेवा टिकली, वाढली. तिच्यामागे पगारी माणसे होती, हे त्याचे कारण. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॅट्रिक्सचा मुख्य सार्वजनिक सर्व्हर फोडला गेला, तेव्हा ज्यांनी किल्ल्यांची वेगळी प्रत ठेवली नव्हती, त्यांचे जुने कुलूपबंद निरोप कायमचे गेले.

म्हणून माझे म्हणणे असे: एकट्याने सर्व्हर चालवू नये, आपल्या गप्पांसाठी सिग्नल वापरावे. दुसऱ्यांची गुपिते जिच्या हाती आहेत त्या संस्थेने, म्हणजे कामगार संघटनेने, महिला मदत केंद्राने, वृत्तपत्राने, वकिलांच्या गटाने मात्र स्वतःचा सर्व्हर ठेवावा, आणि एकटीला झेपत नसेल तर चार संस्थांनी मिळून. साखरेसाठी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कारखाने काढले त्या महाराष्ट्रात हे अवघड नाही. अशा संस्थेच्या कार्यकारिणीवर आपण असाल, तर पुढच्या अंदाजपत्रकात सर्व्हरच्या खर्चाबरोबर तो सांभाळणाऱ्या माणसाचा पगारही धरा. तो धरता येत नसेल तर सर्व्हर उभारू नका.