धूळ पंख्यातली, धूळ मनातली

आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ३५ व्या श्लोकावर.

पहाटे कॉम्प्युटरवर भजन लावून मी जपाला बसतो. हल्ली पॉवर सप्लायचा पंखा घरघरायचा, म्हणून मी भजनच मोठं करायचो. काल आई म्हणाली, "अरे, जरा हळू लाव." हातात माळ असताना तिच्यावर खेकसलो.

दुपारी प्लग काढला, जाळीवर ब्लोअर मारला. केवढी धूळ! धुळीने हवा अडते, आतला भाग तापतो, मग पंखा आणखी जोरात फिरतो. आवाज नको म्हणून पंखाच अडवला, तर सप्लाय जळायचा. डबा मात्र उघडला नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज उरते, ते काम जाणकाराचं.

मन आवरत नाही, ही अर्जुनाची तक्रार भगवंतांनी मान्यच केली. उपाय सांगितले दोन: अभ्यास आणि वैराग्य. रोज झाडणं हा अभ्यास. नको ती धूळ आत न घेणं, हे वैराग्य.

आज जपाआधी आईची माफी मागितली. पंखा अजून थोडा वाजतो. पण आज भजन हळू लावूनही ऐकू आलं.

तुम्ही कोणती घरघर भजनाखाली झाकताय?